पंधरवडा संपल्यावर सांगू

खोली भाड्यानं देताना मी चार अटी घातल्या होत्या. घरात मांसमच्छी शिजवायची नाही, पाहुणे आणायचे नाहीत, चपला-बूट दाराबाहेर काढायचे आणि कुठलंही वाद्य वाजवायचं नाही. चौथी अट वरच्या मजल्यावरच्या पियानोमुळं सुचली. तिथं एकच धडा चार वर्षं चालला होता. फर्गस मॅक्रे खोली बघायला आला तेव्हा त्याच्या एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात लांबलचक काळी पेटी.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"लाकूडकाम," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

खोटं बोलणाऱ्यांचा मला राग येतो. पण सेहेचाळीस वर्षांचा दांडगा माणूस खोटं बोलताना इतका लाजतो, हे बघून मी किल्ली काढून दिली. ही २००५ सालची गोष्ट. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीतून व्हायचं. इथं मी ते मराठीत सांगतेय, त्यामुळं तो होता त्याहून जरा जास्त सभ्य वाटेल, त्याला माझा इलाज नाही.

माझं नाव सुलेखा टिपणीस. सिंगापूरच्या बिशान भागात बाराव्या मजल्यावर माझा तीन खोल्यांचा फ्लॅट आहे. निशिकांतच्या बँकेच्या नोकरीमागं आम्ही पुण्याहून इथं आलो, इथलेच झालो आणि २००३ साली एका सकाळी दाढी करता करता निशिकांत गेला. मुलगी पर्थला शिकायला गेली ती तिथंच राहिली. रविवारी तिचा फोन येतो. मी पाच मिनिटं बोलते आणि ती "ओके लाह, आई" म्हणते. भाड्याची मला गरज नव्हती. संध्याकाळी दारात किल्ली फिरल्याचा आवाज यावा, एवढ्यासाठी मी भाडेकरू ठेवला. तेव्हा हे कुणी विचारलं असतं तर मी कबूल केलं नसतं.

फर्गस समुद्रापलीकडच्या बाताम बेटावर एका शिपयार्डमध्ये जहाजांचा रंग तपासायचा. सकाळी सहाला निघून हार्बरफ्रंटच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं जायचा आणि संध्याकाळी सातला परत यायचा. मोबाइल त्याला नको होता. आल्यावर अंघोळ, टोस्ट आणि दार बंद. तो आल्यापासून दुसऱ्या आठवड्यात माझं लोखंडी कपाट बोलायला लागलं. कपाटाची पाठ फर्गसच्या खोलीच्या भिंतीला लागलेली होती, आणि रोज आठच्या सुमाराला त्याची कडी हलकेच थरथरायची. मी कपाटाला कान लावला. आतून खोल, एका लयीतला सूर येत होता, ऐकू येण्यापेक्षा हाडांना जाणवणारा.

दुसऱ्या दिवशी मी दार वाजवलं. "लाकूडकाम जोरात चाललंय," मी म्हटलं.

त्यानं निमूटपणे पेटी उघडून दाखवली. चार जाड तारांची गिटार. बास गिटार. विजेला न जोडता तो ती मांडीवर घेऊन वाजवायचा. छोटा अ‍ॅम्प्लिफायर पलंगाखाली होता, पण माझ्या अटीमुळं त्यानं त्याची वायरसुद्धा सोडवली नव्हती.

"उद्या विकून टाकतो," तो म्हणाला.

"इतकं काही नडलेलं नाही," मी म्हटलं. त्या दिवसापासून रोज आठ वाजता मी माझ्या खोलीत कपाटाला पाठ लावून भाजी निवडायला बसायला लागले. दोन वर्षांत माझ्या पाठीवर कुणाचा हात पडला नव्हता. त्या थरथरीनं बरं वाटायचं.

त्याची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली, कधी दारात बूट घालताना, कधी लिफ्टची वाट बघताना. गाव डंडी, लंडनच्याही खूप उत्तरेला. १९७७ साली अठरा वर्षांची चार पोरं एका बंद पडलेल्या तागाच्या गिरणीत जमली आणि त्यांनी 'द डॅम्प पोस्टर्स' नावाचा बँड काढला. भिंतीवरची ओली पोस्टरं! नाव ठेवायलाही यांना काही धड मिळालं नाही. डेव्ही गायचा, एकजण गिटार वाजवायचा, सँडी ड्रम, आणि बास कुणालाच नको होती म्हणून ती फर्गसच्या गळ्यात पडली. ते पंकचे दिवस होते. वाजवता येणं हा जवळजवळ गुन्हा होता आणि खूश झालेले श्रोते स्टेजवर थुंकायचे.

"पान न खाता?" मी विचारलं. ते त्याला समजावून सांगण्यात एक आख्खा शनिवार गेला.

दोन वर्षांत आरडाओरडा ओसरला आणि यांची खरी गाणी आली. गिटार बारीक झाली, मागं गेली आणि बास पुढं आली. गाण्याची चालच बासवर उभी. तीन रेकॉर्डी निघाल्या, लंडनच्या रेडिओवर वाजल्या. मोडक्या व्हॅनमधून ते हॉलंड-बेल्जियम फिरून आले. तो काळ सांगताना फर्गस एकदाही गाणाऱ्याबद्दल बोलायचा नाही. बास वाजवणारा फक्त ड्रमवाल्याकडं बघतो, म्हणायचा. "मी सात वर्षं सँडीच्या ड्रमच्या पेडलवरच्या उजव्या पायाकडं बघून वाजवलंय. लोकांची तोंडं मला आठवतच नाहीत."

१९८४ साली डेव्हीनं ठरवलं की ड्रमसाठी मशीन आणायचं. मशीन चुकत नाही आणि बिअर मागत नाही. सँडीला निरोप मिळाला. त्याच संध्याकाळी फर्गसनंही बास पेटीत ठेवली आणि तो सँडीबरोबर बाहेर पडला. महिन्याभरात बँड मोडला. सँडी पोस्टमन झाला. फर्गस उत्तर समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर गेला आणि तिथून सरकत सरकत सिंगापूरला आला. झालं, एवढीच त्याची कारकीर्द. सात वर्षं वाजवलं आणि वीस वर्षं ते एकट्यानं आठवत बसला.

२००६ च्या एप्रिलमध्ये सँडी गेला. पत्र इथं पोचेपर्यंत त्याला पुरून तीन आठवडे झाले होते. फर्गसनं त्याच्या बायकोला उत्तर लिहिलं, खाली माझा पत्ता आणि फोन नंबर घातला. मग कितीतरी दिवस कपाट गप्प होतं. मी जेवणाच्या टेबलावर त्याच्या टोस्टशेजारी वाटीभर आमटी ठेवायला लागले, एवढंच.

सप्टेंबरमध्ये पितृपंधरवडा लागला. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, दुपारी चारला घरचा फोन वाजला. पलीकडून घाईत बोलणारा माणूस म्हणाला की तो डेव्ही, डंडीहून. सँडीच्या बायकोकडून नंबर मिळाला. फर्गस कामावर होता, म्हणून मी निरोप लिहून घेतला. त्या निरोपाचा शब्द न् शब्द मला आजही पाठ आहे. चौदा ऑक्टोबर, शनिवार, दुपारी एक वाजता, डंडीच्या जुन्या हॉलमध्ये डॅम्प पोस्टर्स एकदाच वाजवणार. सँडीसाठी. ड्रमवर कुणी बसणार नाही, सगळं बासवर चालणार. पुढच्या शनिवारपर्यंत फर्गसचा होकार हवा, नाहीतर दुसरं कुणी बघावं लागेल.

मी हे सगळं भिंतीवरच्या चिनी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं नीट लिहिलं, खाली तारीख टाकली. मग तो कागद हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी राहिले. मनात आलं, पंधरवडा चाललाय. गाण्याबजावण्याचा कार्यक्रम, मोडलेला बँड पुन्हा उभा करायचा, त्याचा होकार या दिवसांत कसा द्यायचा? या दिवसांत आपण साडी घेत नाही, सोयरीक ठरवत नाही. घटस्थापनेला सांगू. मी कागद चमच्यांच्या खणात ठेवला.

पुढच्या शनिवारची मुदत मला वाचता येत नव्हती असं नाही. जे खरं आहे ते सांगून टाकते. पंधरवडा हे निमित्त होतं. हा माणूस एकदा तिकडं गेला, चार टाळ्या ऐकल्या, की परत कशाला येईल, असं मला वाटलं. मग माझं कपाट पुन्हा लोखंडाचं होणार. रोज संध्याकाळी तो आला की मी खणाकडं बघायचे आणि स्वतःला म्हणायचे, शास्त्र म्हणजे शास्त्र. एरवी मी एकादशीसुद्धा धरत नाही.

निशिकांतची तिथी दशमीची, त्या वर्षी ती रविवारी आली. दरवर्षी मी टेक्का मार्केटमधून केळीची पानं आणते आणि त्याच्या आवडीचं सगळं करते. भटजींना बोलवायचं तर त्यांचा पंधरवडा महिनाभर आधीच भरलेला असतो. कावळ्यासाठी खिडकीत घास ठेवावा, तर या शहरात कावळे दिसले की माणसं पाठवून मारतात, उरलेले हुशार झालेत. जेवायला कुणीतरी लागतं. मी फर्गसचं दार वाजवलं.

तो धुतलेला शर्ट घालून आला. टेबलावर दोन पानं होती, एक त्याला आणि एक निशिकांतच्या खुर्चीसमोर. खीर, उडदाचे वडे, गवार, भोपळा, कढी, आमसुलाची चटणी.

"अजून कोण येणार आहे?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. वर्षातून एकदा, या पंधरा दिवसांत, आपली गेलेली माणसं येतात. त्यांच्या आवडीचं करायचं, त्यांचं नाव घ्यायचं. कुणाला तरी पोटभर जेवू घालायचं, ते त्यांना पोचतं. पानात काही टाकायचं नाही.

त्याची नजर त्या दुसऱ्या पानावर गेली.

"जेवणच करावं लागतं का?" तो म्हणाला. "सँडीला खाण्यातलं काही कळायचं नाही. उकडलेला बटाटा दिला की झालं. त्याला काही पोचवायचं तर वाजवावं लागेल. पण एकट्यानं कसं वाजवणार?"

माझ्या हातातला खिरीचा डाव तसाच राहिला. सँडीसाठी, असं मी माझ्या हातानं लिहिलं होतं, आणि त्याचा अर्थ मला त्या क्षणापर्यंत लागला नव्हता. मी ज्या कार्यक्रमाला या दिवसांत शुभ कार्य नको म्हणून खणात कोंडलं होतं, ते श्राद्धच होतं. या पंधरा दिवसांत जे करायचं असतं, नेमकं तेच.

मी खण उघडला आणि कागद त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तो वाचला, पालटून कॅलेंडरची बाजू बघितली, पुन्हा वाचला.

"हे कधीचं?"

"कालच्या आधीच्या शनिवारचं. खाली तारीख आहे."

"म्हणजे काल शेवटचा दिवस होता."

"हो."

"का, मिसेस टिपणीस?"

मी पंधरवड्याचं सांगितलं, शुभ कार्याचं सांगितलं. बोलताना माझंच मला ऐकवेना. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मला भांडण करता येतं.

"पण आत्ता तुम्ही मला जे सांगितलंत," तो हळूच म्हणाला, "तेच तर होतं ना हे?"

मग तो खाली बघून जेवला. वडे, भोपळा, चटणी, सगळं. पानात काही टाकायचं नाही असं मी सांगितलं होतं ना, म्हणून. मला त्या दिवशी घास गेला नाही.

डंडीला सकाळ व्हायची म्हणून तो चारपर्यंत फोनशेजारी बसून राहिला. मग नंबर फिरवला. मी स्वयंपाकघरात होते, पण फ्लॅट केवढासा, सगळं ऐकू आलं. डेव्हीनं शनिवारी संध्याकाळपर्यंत वाट बघितली होती. मग अ‍ॅबर्डीनच्या मोरॅग नावाच्या एका बास शिकवणाऱ्या बाईला शब्द दिला होता. तिनं हो म्हणूनही टाकलं होतं.

"नाही, नाही, तिला नाही म्हणू नकोस," फर्गस म्हणत होता. "निरोप उशिरा मिळाला. कुणाची चूक नाही." मग जरा थांबून, "चांगली वाजवते का ती? तिसरं गाणं तिला रेकॉर्डवरून नाही कळायचं. तिला म्हणावं, शुक्रवारी मला फोन कर."

शुक्रवारी सर्वपित्री अमावास्या होती. ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांचं करायला कुणी नाही, त्या सगळ्यांचा दिवस. हे मी त्याला सांगितलं नाही. मला आता काही सांगायचा हक्क राहिला नव्हता. संध्याकाळी साडेसात वाजता फोन वाजला. फर्गसनं पलंगाखालचा अ‍ॅम्प्लिफायर हॉलमध्ये आणला आणि माझ्या घरात पहिल्यांदाच त्याचं बटण दाबलं. वाजवायला दोन्ही हात लागतात, म्हणून रिसीव्हर मी धरला.

तास-दीड तास मी तो अ‍ॅम्प्लिफायरसमोर धरून उभी होते. सात गाणी. एक ओळ वाजवायची, मग रिसीव्हर त्याच्या तोंडाशी न्यायचा, मग परत. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. शेजारच्या मिसेस टॅन जाळीच्या दारापाशी आल्या. गेलेल्या माणसासाठी आहे, एवढंच मी म्हटलं. त्यांचा भुतांचा सातवा महिना त्या वर्षी दोनदा आला होता आणि आदल्याच दिवशी संपला होता. त्यांनी मान हलवली आणि त्या परत गेल्या.

तिसऱ्या गाण्यात तो मध्येच थांबायचा. तीन सूर, मग काहीच नाही, मग पुढचे तीन.

"इथं काही वाजवू नका," तो रिसीव्हरमध्ये म्हणाला. "हात उचलून घ्या. इथं सँडी आहे."

अशा अकरा जागा होत्या. दरवेळी त्याची नजर फरशीवरच्या एका ठिकाणी जायची, जिथं काही नव्हतं. माझा दंड भरून आला होता, पण मी हात बदलला नाही.

फोन ठेवल्यावर तो वायर गुंडाळत बसला. मी विचारलं, "रागावलात?"

"मला फक्त पाच दिवसांची रजा लागली असती," तो म्हणाला. "कपडे इथंच ठेवून गेलो असतो. परत येणारच होतो. दुसरीकडं कुठं जाणार होतो मी?"

मी चमचे धुवायला गेले, ते धुतलेलेच होते.

महिनाअखेरीला तो गेला. ईस्ट कोस्टला एका माणसाच्या फ्लॅटमध्ये खोली मिळाली, म्हणाला. बातामची फेरी तिथून लांब पडते, हे दोघांनाही माहीत होतं. "इथं फोन वाजला की आता दचकायला होतं," एवढंच कारण त्यानं दिलं, तेही बुटांच्या नाड्या बांधता बांधता. पत्रं आली तर पाठवायला पत्ता लिहून ठेवला. फोन नंबर नव्हता. जाताना त्यानं खोली झाडून घेतली होती.

चौदा ऑक्टोबरला शहरभर सुमात्राच्या जंगलांचा धूर पसरला होता. खिडक्या बंद करून मी टीव्ही लावला होता. रात्री आठला, म्हणजे डंडीत दुपारी एकला, फोन वाजला.

"फर्गस? बोलू नकोस, ऐक फक्त," डेव्हीचा आवाज. "रिसीव्हर स्टेजच्या कडेला ठेवतोय."

"अहो, तो इथं नाही," मी म्हटलं. "तो इथं राहत नाही आता!" पण तिकडं कुणी ऐकत नव्हतं. खुर्च्या सरकल्याचे आवाज, माणसांचा गलका. मग बास सुरू झाली.

पुन्हा एकदा त्याचा निरोप माझ्या हातात आला होता. मी टीव्ही बंद केला. खणातून पेन्सिल काढली, कॅलेंडरचं पान फाडलं आणि उभ्यानं ऐकायला लागले. जे जे कळलं ते सगळं लिहिलं. कपाट गप्प होतं. घरात तो आवाज एवढाच होता, रिसीव्हरमधून येणारा बारीक, आणि ऐकायला मी. निशिकांत गेल्यावरसुद्धा मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

सकाळी पहिल्या एमआरटी ट्रेननं निघाले, पुढं बस पकडली. समुद्र धुरात दिसतच नव्हता. फर्गसनं दार उघडलं तेव्हा त्याच्या अंगात बनियन होतं आणि हातात टोस्ट.

"काल तुमचा फोन आला होता," मी म्हटलं. "डेव्हीनं रिसीव्हर स्टेजवर ठेवला. मी लिहून आणलंय."

मी दारातच उभं राहून वाचून दाखवलं. सात गाणी झाली. तिसरं तुम्ही शिकवलं तेवढंच संथ होतं. त्याच्यानंतर डेव्ही काहीतरी बोलला. मला त्यातलं फक्त सँडी, फर्गस आणि सिंगापूर एवढं कळलं, पण पुढच्या टाळ्या मी घड्याळात बघितल्या, सव्वादोन मिनिटं.

"आणि मोकळ्या जागा?" त्यानं विचारलं.

"अकरांपैकी दहा सोडल्या. सातव्या जागी तिचा एक सूर पडला."

"सातव्या जागी सँडी नेहमी उशिरा यायचा," तो म्हणाला. "मीही तिथं चुकायचो."

त्याचे डोळे भरले होते. त्यानं माझ्या हातातून कागद घेतला, नीट चौघडी केली. आत या म्हणाला नाही. मी दारातल्या त्याच्या बुटांकडं बघत उभी राहिले. इथंही ते बाहेरच काढलेले होते.

"पुन्हा फोन आला तर मी लगेच येऊन सांगेन," मी म्हटलं. "त्याच दिवशी."

"आता कुणाचा येणार, मिसेस टिपणीस?" तो म्हणाला. रागानं नाही, सहज.

मी बसस्टॉपवर येऊन बसले. बिशानकडं जाणाऱ्या दोन बस मी सोडल्या.